दोनदा जळालेल्या शहरात चार दिवस

मुलांनो, टोकियो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? बुलेट ट्रेन, डोरेमॉन, उंचच उंच इमारती आणि रात्री झगमगणाऱ्या पाट्या! बरोबर ना? दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी सातवीतली भाची टोकियोला निघालो, तेव्हा आमच्या मनातही हेच होतं. हाताशी दिवस अवघे चार. तेवढ्यात जमेल तेवढं शहर पायांखाली घालायचं, असा आमचा बेत.

झगमगाट तर दिसलाच. पण आज तुम्हांला सांगायची गोष्ट जरा निराळी आहे. हे एवढं मोठं शहर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा जळून राख झालं. दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं, आणि उभं राहताना काहीतरी शिकलं. काय शिकलं, तेच बघायला चला.

रिकाम्या हातांनी

दिल्लीहून टोकियोला थेट विमानं जातात. साधारण आठ तासांचा प्रवास. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. शिवाय विमान जातं पूर्वेकडे, म्हणजे सूर्याला सामोरं. त्यामुळे रात्र भलतीच आखूड होते. डोळा लागतो न लागतो तोच खिडकीची फट लालसर होते.

टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. एक नारिता, शहरापासून साठेक किलोमीटर दूर. दुसरा हानेदा, तो शहराला अगदी लागून. हानेदा १९३१ साली सुरू झाला. त्याचा बराचसा भाग समुद्रात भराव घालून तयार केलाय. विमान खाली खाली येतं, पाणी जवळ जवळ येतं, आता बुडणार की काय असं वाटतं, आणि ऐनवेळी चाकांखाली धावपट्टी येते!

याच धावपट्टीवरची एक खरी घटना ऐका. २ जानेवारी २०२४ची संध्याकाळ. साप्पोरोकडून आलेलं जपान एअरलाइन्सचं मोठं विमान हानेदाला उतरत होतं. त्याच धावपट्टीवर तटरक्षक दलाचं एक लहान विमान होतं. आदल्याच दिवशी जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला होता. तिकडे मदतीचं सामान घेऊन ते निघालं होतं. दोन्ही विमानांची टक्कर झाली. लहान विमानातल्या सहांपैकी पाच जण मरण पावले. मोठ्या विमानानंही पेट घेतला. आत माणसं होती ३७९. त्यांत दोन वर्षांखालची आठ बाळं.

धूर आत शिरत होता. सूचना देण्याचा ध्वनिक्षेपक बंद पडला होता. बाहेर पडायच्या आठ दारांपैकी तीनच वापरण्यासारखी होती. विमानातले कर्मचारी हातातला कर्णा घेऊन, कुणी नुसतंच ओरडून सांगत होते, की सामान घेऊ नका. आणि लोकांनी ऐकलं! लॅपटॉप, पासपोर्ट, भेटवस्तू, सगळं वरच्या कप्प्यांत सोडून माणसं घसरगुंडीवरून खाली आली. विमान उतरल्यापासून अठरा मिनिटांत शेवटचा माणूस, म्हणजे स्वतः कप्तान, बाहेर होता. ३७९च्या ३७९ माणसं वाचली. त्यानंतर विमान जळून त्याचा सांगाडा उरला.

भाचीनं विचारलं, "मावशी, सगळ्यांनी कसं काय ऐकलं? आपली बस थांबायच्या आधीच लोक बॅगा काढून उभे असतात!"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मिळायला आम्हांला तिसरा दिवस उजाडावा लागला.

हिरवी गाडी, पिवळी टोपी

हानेदाहून शहरात यायला मोनोरेल आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक भरलं, त्याच वर्षी ती सुरू झाली. खाडीच्या कडेकडेनं, इमारतींच्या अंगाखांद्यावरून ती आपल्याला हामामात्सुचो स्टेशनात आणून सोडते. तिथून आम्ही यामानोते लाइन पकडली. ही गाडी म्हणजे टोकियोच्या गळ्यातली माळच! साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, तीस स्टेशनं, आणि एक फेरी साधारण तासाभराची. गाडीवर हिरवा पट्टा असतो, त्यामुळे चुकायची भीती नाही. झोप लागली तरी फार बिघडत नाही. गोल फिरून पुन्हा आपलं स्टेशन येतंच!

गर्दी म्हणाल तर आपल्या लोकलवाल्यांनीही टोपी काढावी. एकट्या शिंजुकु स्टेशनातून रोज तीस लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. पण फलाटावर खुणा आखलेल्या असतात, त्या खुणांवर रांग लागते. आधी आतली माणसं उतरतात, मग बाहेरची चढतात.

आमच्या डब्यात एक चिमुरडा चढला. असेल सहा-सात वर्षांचा. डोक्यावर पिवळी टोपी आणि पाठीवर त्याच्याहून मोठं वाटावं असं चामड्याचं दप्तर. त्याला 'रांदोसेरु' म्हणतात. बरोबर आई नाही, बाबा नाहीत, रिक्षावाले काका नाहीत. दाराजवळ उभा राहिला, दोन स्टेशनांनंतर उतरला आणि निघून गेला. जपानमध्ये लहान मुलं अशी एकटी शाळेत जाताना सर्रास दिसतात. पिवळी टोपी असते ती मोठ्यांना लांबून दिसावी म्हणून. ती दिसली, की मोठ्यांनी सांभाळून घ्यायचं.

मुळा आवडणारा गणपती

दुसऱ्या दिवशी आम्ही आसाकुसा भागात गेलो. इथे सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यांत जुनं देऊळ आहे. सातव्या शतकात त्याची सुरुवात झाली असं सांगतात. देऊळ कान्नोनचं, म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतल्या अवलोकितेश्वराचं. देवळाच्या वाटेवर 'कामिनारीमोन' नावाचं मोठं दार आहे. कामिनारीमोन म्हणजे मेघगर्जनेचं दार. त्यात मधोमध एक प्रचंड लाल कंदील लटकतो. वजन सुमारे सातशे किलो! आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा हा आजोबाच म्हणायचा. तिथून देवळापर्यंत दुतर्फा छोटी छोटी दुकानं. पंखे, लाकडी बाहुल्या आणि तांदळाच्या खमंग बिस्किटांचा वास. जत्राच ती!

पण देवळाचा मुख्य मंडप मात्र जुना नाही. तो १९५८ साली पुन्हा बांधलाय. आधीचा मंडप १९२३च्या भूकंपातून वाचला आणि १९४५च्या आगीत जळाला. आवारात गिंको नावाची झाडं आहेत. त्यांची पंख्याच्या आकाराची पानं तेव्हा पिवळी व्हायला लागली होती. त्यातल्या काही जुन्या झाडांच्या बुंध्यांवर काळे डाग आहेत. ते त्याच आगीचे. आतून जळालेलं झाड, आणि वर नवी पानं! भाची बुंध्यावरून हात फिरवत बराच वेळ तिथेच उभी राहिली.

तिथून थोडं चालत गेलं, की सुमिदा नदीजवळ एका टेकाडावर माचुचियामा शोदेन नावाचं देऊळ लागतं. इथला देव कोण, सांगा पाहू? आपला गणपती! भारतातून चीन आणि चीनमधून जपान, असा बौद्ध भिक्षूंबरोबर तो इथवर आला. जपानीत त्याला 'कांगितेन' म्हणतात. मूर्ती उघड्यावर दाखवत नाहीत, ती झाकलेली असते. आणि नैवेद्य काय, माहीत आहे? पांढरे, जाडजूड मुळे!

"बाप्पाला मोदक सोडून मुळा कसा चालतो?" भाचीला काही ते पटेना. पण दोन मुळे तिनंही वाहिले.

संध्याकाळी स्कायट्री पाहिला. २०१२ साली लोकांसाठी खुला झालेला हा मनोरा ६३४ मीटर उंच आहे. हाच आकडा का? तर जपानीत सहा, तीन, चार हे आकडे 'मु-सा-शि' असे वाचता येतात, आणि मुसाशी हे या प्रांताचं जुनं नाव! गंमत पुढेच आहे. जपानमधली पाच मजली लाकडी पॅगोडा देवळं शेकडो वर्षं भूकंपात टिकली आहेत. त्यांच्या मधोमध एक लांब खांब असतो. स्कायट्रीच्या इंजिनियरांनी तीच कल्पना घेतली. मनोऱ्याच्या पोटात काँक्रीटचा एक उंच खांब उभा केला. भूकंपात बाहेरचा मनोरा आणि आतला खांब वेगवेगळे डोलतात, त्यामुळे हादरा कमी होतो. सुतारांचं जुनं शहाणपण नव्या मनोऱ्यात घातलं!

बारा वाजायला दोन मिनिटं

तिसऱ्या दिवशी आम्ही र्योगोकुला गेलो. सुमो कुस्त्यांचा मोठा आखाडा इथलाच. आम्ही मात्र तिथून जवळच्या योकोआमिचो उद्यानात शिरलो. शांत बाग, मध्ये एक मोठी वास्तू, आणि तिच्या मागे मनोरा.

१ सप्टेंबर १९२३. सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटं झाली होती. घराघरांत दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या. तेवढ्यात जमीन हादरली. घरं लाकडाची, आतली सरकती दारं कागदाची. बघता बघता आगी लागल्या. त्यात वारा सुसाट. आज जिथे ही बाग आहे, तिथे तेव्हा मोठं मोकळं मैदान होतं. हजारो लोक जीव वाचवायला तिथे जमले. येताना त्यांनी गाद्या, कपाटं, गाठोडी, जे हाती लागलं ते आणलं होतं. हातगाड्याच्या हातगाड्या भरून! बिचाऱ्यांचा संसार होता तो, कुणाला सोडवेल? पण ठिणग्या पडल्या त्या त्याच सामानावर. गाद्या पेटल्या, गाड्यांनी वाटा अडल्या, आणि आगीची वावटळ उठली. एकट्या या मैदानात सुमारे ३८,००० माणसं गेली. सगळ्या भूकंपात मिळून एक लाखाच्या वर.

वाचता वाचता भाची थांबली. हळूच म्हणाली, "मावशी, म्हणजे त्या विमानातल्या लोकांनी..."

मी नुसती मान हलवली. तिचा तिला धागा सापडला होता.

याच बागेत आणखी एक छोटं स्मारक आहे. भूकंपानंतर कुणीतरी अफवा उठवली, की कोरियन लोक विहिरींत विष घालताहेत. ते साफ खोटं होतं. पण घाबरलेल्या जमावांनी निरपराध कोरियन लोकांना शोधून शोधून मारलं. त्यांच्या आठवणीसाठी हा दगड १९७३ साली बसवला. आग पाण्यानं विझते, अफवा विझायला फार वेळ लागतो. आजकाल तर ती खिशातल्या फोनवरून पळते.

पुढे १० मार्च १९४५च्या रात्री, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या विमानांनी याच भागावर आग लावणारे बाँब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. दहा लाखांहून जास्त बेघर झाली. भूकंपात आणि बाँबहल्ल्यात गेलेल्या, ओळखही न पटलेल्या कितीतरी लोकांच्या अस्थी या वास्तूत एकत्र ठेवल्या आहेत.

तिथे उभी असताना मला किल्लारी आठवली. माझं सासर औसा तालुक्यातलं, किल्लारी तिथून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. दमून भागून माणसं गाढ झोपली होती. चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे आग नव्हती. तिथे होत्या दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. सासूबाई सांगतात, पुढे कितीतरी महिने लोक घराच्या आत झोपायला धजत नव्हते. भिंतीला पाठ टेकायचीच भीती बसली होती.

टोकियोत लाकूड जळालं, किल्लारीत दगड कोसळले. आपल्याला काय घातक आहे, हे प्रत्येक गावानं स्वतःच ओळखायला हवं. भूकंप कधी येणार ते आजही कुणाला आधी सांगता येत नाही. पण तो आल्यावर घर कसं वागेल आणि आपण कसं वागू, हे मात्र आधी ठरवता येतं.

खाऊचा मंत्र

आता भाचीच्या त्या प्रश्नाचं उत्तर. टोकियोच्या अग्निशमन विभागानं शहरात आपत्तीचा सराव करायची केंद्रं उघडली आहेत. आम्ही होंजो भागातल्या केंद्रात गेलो. तिकीट नाही, सगळं फुकट. आत एक खोली आहे, टेबल-खुर्च्यांची. आपण बसायचं, आणि मग खोली हलायला लागते! जपानमध्ये हादऱ्याचं माप शून्यापासून सातपर्यंत असतं. मोठा हादरा सुरू झाला तशी भाची टेबलाखाली गेली, पण टेबलच सरकायला लागलं. बाहेरून शिकवणाऱ्या काकांनी खूण केली, की टेबलाचे पाय धर! पाय धरले, की टेबल सरकलं तरी आपणही त्याच्याबरोबरच सरकतो. वाचून हे कळलं असतं का?

मग धुराची खोली. धूर निरुपद्रवी असतो, पण दिसत काही नाही. धूर वर चढतो, म्हणून आपण खाली वाकायचं, तोंडावर रुमाल धरायचा आणि हात भिंतीला लावून पुढे सरकायचं. शेवटी खरंखुरं आग विझवायचं नळकांडं. समोर पडद्यावर आग दिसते. पण आधी मोठ्यानं ओरडायचं, "काजि दा!" म्हणजे "आग लागली!" आमच्या भाचीबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की सगळे वळून बघायला लागले. काकांनी टाळ्या वाजवल्या. आग विझवण्याआधी दुसऱ्याला सावध करायचं, हा इथला पहिला धडा.

जपानी शाळांत मुलांना एक मंत्र शिकवतात, 'ओकाशिमो'. 'ओकाशी' म्हणजे खाऊ, त्यामुळे तो लगेच तोंडात बसतो! 'ओ' म्हणजे ढकलू नका, 'का' म्हणजे पळू नका, 'शि' म्हणजे बडबडू नका, आणि 'मो' म्हणजे परत मागे फिरू नका. विसरलेली वही, डबा, आवडतं पेन, कशासाठीही नाही! बऱ्याच शाळांत खुर्चीवर एक जाड गादी असते. धोक्याची घंटा झाली, की तीच उलगडून टोपडं म्हणून डोक्यावर घ्यायची. युद्धाच्या काळात बाँबपासून वाचायला लोक अशीच टोपडी घालत. १ सप्टेंबर हा दिवस जपाननं १९६० साली आपत्ती निवारण दिन म्हणून ठरवला. त्या सुमाराला देशभर कवायती होतात. सहा वर्षांचं पोर दरवर्षी हे करतं, आणि साठ वर्षांचं झालं तरी त्याच्या हातापायांना ते आठवतं. विमानातल्या लोकांनी कसं ऐकलं, ते आता कळलं ना?

वाट बघणारा कुत्रा

शेवटचा दिवस शिबुयाचा. स्टेशनाबाहेर हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे धनी उएनो हे प्राध्यापक होते. १९२५ साली ते अचानक वारले. हाचिकोला ते कसं कळणार? तो जवळजवळ दहा वर्षं स्टेशनावर येऊन त्यांची वाट बघत राहिला. १९३४ साली तो जिवंत असतानाच लोकांनी त्याचा पुतळा उभारला. युद्धात धातू कमी पडला म्हणून तो पुतळा वितळवला गेला, आणि युद्ध संपल्यावर १९४८ साली लोकांनी पुन्हा बसवला! पोटाला नीट मिळत नव्हतं अशा दिवसांत या शहराला एका कुत्र्याचा पुतळा आठवला. मला तर ही सगळ्यांत मोठी श्रीमंती वाटली.

टोकियोच्या बऱ्याच वस्त्यांत संध्याकाळी खांबांवरच्या कर्ण्यांतून एक हळुवार धून वाजते. मुलं ती ऐकली, की खेळ थांबवून घरी निघतात. पण ती नुसती घरी जायची घंटा नाही बरं का! संकटाच्या वेळी सूचना देणारे कर्णे नीट चालताहेत ना, हे त्या धुनेनं रोज तपासलं जातं. रोजचं गाणं आणि रोजचीच तयारी.

तर मुलांनो, टोकियोला जायला विमान लागतं, पैसे लागतात, व्हिसा लागतो. पण टोकियो जे शिकलं, त्याला काहीच लागत नाही. उद्या शाळेत गेलात की एवढंच बघा. जिन्याखाली मोडकी बाकं रचून ठेवली आहेत का? मागच्या दाराला कुलूप आहे का, आणि असेल तर किल्ली कुणाकडे असते? आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, आणि ते वापरता कुणाला येतं? मग बाईंना किंवा सरांना विचारून एकदा घड्याळ लावा. सगळ्या वर्गांनी, न ढकलता, न पळता, दप्तरं बाकांवर सोडून मैदानात यायचं.

किती मिनिटं लागली, ते आम्हांला जरूर कळवा.